माठाखालच्या माशा

माझ्या टेबलावर काचेची एक नळी आहे. अंगठ्याएवढी जाड, तळ सपाट, तोंडाला कापसाचा बोळा. आत लवंगा आहेत. नळी निटुरे मॅडमची. तिच्यात लवंगा कशा आल्या ते पुढे सांगतो. आधी मॅडमबद्दल सांगायला हवं, आणि मी तिथेच अडतो. त्यांना जाऊन आता वर्ष होत आलं. नांदेडच्या एकाच कॉलेजात आम्ही इतकी वर्षं काढली, दुपारचा चहा रोज बरोबर घेतला. तरी त्या कशा होत्या असं कोणी विचारलं तर मी एक वाक्य बोलतो आणि ते संपायच्या आतच मला वाटतं, तसंही नाही.

"तसंही नाही" हे शब्द त्यांचेच.

त्या प्राणिशास्त्र शिकवायच्या, मी ग्रंथपाल. उंच, जरा पुढे वाकलेल्या. पदर कायम कमरेला खोचलेला. सूक्ष्मदर्शकाला चष्मा आडवा येतो म्हणून तो डोक्यावर ढकलायच्या आणि मग सगळ्या इमारतीत शोधत फिरायच्या. माणसांना नावानं हाक मारणं त्यांना जमत नसे. मला त्या "अहो लायब्ररी" म्हणत. प्राचार्यांना "ऑफिस". नावं लक्षात राहत नव्हती असं मी बरेच दिवस धरून चाललो होतो, पण तसं नसावं. आपल्या प्रयोगातल्या माशांच्या चार-चार पिढ्या त्यांना तोंडपाठ असायच्या.

जिन्याखालच्या खोलीत त्या माशा पाळत. घरात केळी जास्त पिकली की जी बारीक, लाल डोळ्यांची चिलटं फिरतात, ती. त्या खोलीला लग्नाच्या दुसऱ्या दिवशीच्या स्वयंपाकघरासारखा वास यायचा, कारण माशांचं खाणं त्या स्वतः शिजवत. मक्याचं पीठ, गूळ, यीस्ट आणि ते सगळं घट्ट धरून ठेवायला अगर. मोठ्या पातेल्यात ढवळत उभ्या असल्या की नवी पोरं दारात थांबायची.

"मॅडम, शिरा हाय का?"

"हाय. पण तुमच्यासाठी न्हाई."

स्टाफरूममध्ये एक विनोद कायमचा होता. निटुरे मॅडम काय करतात? माशा मारतात. तो त्यांच्या कानावर गेला तेव्हा त्या शांतपणे म्हणाल्या, "मी मारत न्हाई, पाळते. मारायला तुम्ही आहात की सगळे." एकदा मुखेडकडचे एक बागायतदार आंब्यावरच्या माशीचं औषध मागायला आले. मॅडमनी त्यांना बसवलं, चहा दिला आणि ती माशी वेगळी, ही वेगळी, हे इतकं तपशिलात सांगितलं की ते गृहस्थ जाताना मला विचारून गेले, "सर, ह्या बाई माशांच्या बाजूच्या की आपल्या?" 

त्या माशांत नेमकं काय शोधत होत्या, हे मला त्यांनी बऱ्याचदा सांगितलं. दर वेळी कळल्यासारखं वाटलं. आता लिहायला बसलो तर जे हाताशी उरलंय ते त्यांच्या परातीचं.

एकदा त्यांनी वर्गात परात आणली होती. मी दारात उभा होतो. ज्वारीचं पीठ मळून त्यांनी मोठा गोळा केला आणि वर धरला.

"ही मूलपेशी. माशीच्या अळीच्या मेंदूत अशा पेशी असतात. ही दुभंगते. पण सारखी दुभंगत न्हाई." त्यांनी गोळ्याच्या खालच्या अंगाला चिमूटभर हळद लावली आणि तेवढाच लहान गोळा तोडून घेतला. "बघा. मोठा गोळा परातीत राहिला. तो मूलपेशीच. पुन्हा दुभंगायला मोकळा. ह्या लहानीला मात्र हळद लागली. आता ही गेली. हिच्या चेतापेशी होणार, त्यांचा मेंदू होणार. माघारी येणं न्हाई."

मागच्या बाकावरच्या मुली हसल्या.

"हसू नका. तसंही न्हाई. लग्नात हळद लावायला बायका असतात. इथं लावतंय कोण? हात कुठाय?"

पुढच्या एका मुलीनं धीर केला. "मॅडम, आपण विरजण काढून ठेवतो, तसं?"

"तसंही न्हाई. विरजणही दहीच आणि दहीही दहीच. इथं दोघी एकाच आईच्या, शेवटपर्यंत एकाच पोटात, आणि सुटताना वेगळ्या होतात." मग त्यांनी वर्गाकडे पाहिलं. "गोंधळ झाला? बरं झालं. आता घरी जाऊन भाकरी करा. पोरांनी पण."

विरजणाचं विचारणारी ही मुलगी अंजली. इस्लापूरची, बाप शेती करणारा. घरात सायन्सला गेलेली पहिलीच. त्या दिवसापासून ती जिन्याखालच्या खोलीत जायला लागली.

मॅडमचा स्वतःचा प्रश्न ह्या सगळ्याच्या पुढचा होता. बाहेरून आणलेल्या माशांतून पिढ्यान् पिढ्या जोड्या लावून त्यांनी एक वाण तयार केलं होतं. त्याला त्या आपल्या गावाच्या नावानं "मुरुड" म्हणत. ह्या वाणात मूलपेशी दुभंगायला लागली की हळद एका जागी बसायची नाही, सगळीकडे पसरायची. असं झालं तर दोन्ही लेकी मूलपेशीच होतात, दोघीही दुभंगतच राहतात आणि मेंदूत गाठ वाढते. पण "मुरुड"मध्ये कधीकधी, पेशी तुटता तुटता, अगदी शेवटी, हळद आपोआप जागेवर गोळा व्हायची. कधीकधी नाही व्हायची.

त्यांनी मला एकदा सूक्ष्मदर्शकाशी बसवलं. खसखशीच्या दाण्यापेक्षाही लहान मेंदू, चिमट्यानं अळीतून काढलेला, रंगवलेला. आधी मला फक्त माझ्याच पापण्या दिसल्या. मग काळोखात एक हिरवी कोर दिसली. वर्गातली हळद ती हीच, रंगवल्यावर हिरवी दिसणारी.

"चंद्रकोरीसारखी आहे," मी म्हणालो.

"हाव," त्या म्हणाल्या. माझं बोलणं त्यांनी पहिल्यांदाच खोडलं नव्हतं. लगेच पुढे म्हणाल्या, "पण कपाळावर न्हाई. पायाशी." त्यांनी काच किंचित सरकवली. शेजारच्या पेशीत कोर नव्हती. हिरवं सगळीकडे सांडलेलं होतं. "शेजारच्या शेजारी, लायब्ररी. एकच मेंदू, एकच खाणं, एकच आईबाप. एक सावरते, दुसरी न्हाई. कामून?"

"मग ह्यातली तुमची कुठली?"

"दोन्ही."

पुस्तक कपाटात ठेवलं की राहतं. माशांचं तसं नसतं. जुनं खाणं सुकायच्या आत त्यांना नव्या नळीत हलवावं लागतं, नाहीतर ती पिढी जाते आणि पिढी गेली की वाण गेलं. परत करता येत नाही. त्यात नांदेडचा उन्हाळा. मे महिन्यात लाइट गेली की खोलीतला एसी बंद, आणि फार तापलं की माशा जगल्या तरी त्यांची पुढची पिढी होत नाही. म्हणून मॅडम "मुरुड"चे दोन भाग ठेवायच्या. एक नांदेडला खोलीत. दुसरा लातूरला, भावाच्या घरी, पाण्याच्या माठाखाली ओल्या वाळूत. शनिवारी दुपारच्या एसटीनं त्या लातूरला जायच्या, जेवणाच्या डब्यात माशांचं ताजं खाणं घेऊन.

त्यांच्या वहिनी सुमनताई माठातून पाणी घेताना त्या नळ्यांना हळूच सोवळ्यातल्यासारखं टाळायच्या. मला एकदा म्हणाल्या, "आमच्याकडं लोक माठाखाली मेथी पेरतात. आमच्या वन्सं माशा पेरतात."

एका वर्षी माशांच्या खाण्यासाठी मका आणला तो ह्याच घरातून. बाजारच्या पिठात काय असतं सांगता येत नाही, ही मॅडमची तक्रार जुनी. त्या वर्षी भावाच्या मुरुडच्या शेतात मका झाला होता. आपल्या शेतातला, आपल्या घरातला. मॅडमनी तो वहिनींकडून दळून आणला, शिजवला आणि नांदेडच्या सगळ्या नळ्या त्या खाण्यावर घातल्या. त्याच आठवड्यात परीक्षेची ड्यूटी लागली म्हणून लातूरला जाणं राहिलं.

पुढल्या आठवड्यात अळ्या मरायला लागल्या. आधी थोड्या, मग सगळ्या. मॅडमनी अगर बदललं, गूळ बदलला. एसी दुरुस्त करून घेतला. पाणीसुद्धा घरून आणलं. मका मात्र त्यांच्या डोक्यात आला नाही. तो घरचा होता. शेवटी अंजलीनं भीत भीत विचारलं, "मॅडम, आमच्याकडं दाण्याला बोरिक पावडर लावत्यात. तुमच्याकडं लावत न्हाईत का?"

मॅडमनी स्वतःच्या हातांकडे पाहिलं. लहानपणी मुरुडला ओसरीवर बसून आईबरोबर धान्याला ती पावडर चोळलेले हात त्यांचेच होते. मुरुडमध्ये ती प्रत्येक घरात लावतात. इतकी लावतात की कोणी बोलून दाखवत नाही.

त्यांनी माझ्यासमोर लातूरला फोन लावला. सुमनताईंचा आवाज मला ऐकू येत होता.

"लावली की. न लावून कसं? तुमच्या माशांसाठी मी माझ्या धान्याला कीड लागू देऊ का?"

"अहो पण दळायच्या आधी धुतात ना ते?"

"माणसाला खायला असलं की धुते. माशांनाच तर घालायचं होतं, वन्सं. धुवायचं कशाला?"

मॅडमनी फोन ठेवला. मला वाटलं त्या रडतील. त्या हसायला लागल्या, आणि इतकं हसल्या की चष्मा डोक्यावरून खाली पडला. मग त्यांनी तो उचलून पदराला पुसला. "तिचं काय चुकलं, सांगा लायब्ररी," त्या म्हणाल्या. मी म्हणालो, काहीच नाही. "मग माझं चुकलं?" मी म्हणालो, तसंही नाही. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की आपण दुसऱ्याची वस्तू उचलली असं मला वाटलं.

नांदेडचा भाग गेला. लातूरचा जुन्या खाण्यावर, माठाखाली, वाचला. मॅडम त्याच दिवशी लातूरला गेल्या. पण तेव्हापासून त्यांना एक शंका लागली. माठाखालच्या माशा पिढ्यान् पिढ्या वेगळ्या हवेत, वेगळ्या उष्म्यात वाढलेल्या. त्या अजून तेच "मुरुड" आहेत का? दिसायला त्याच होत्या. आत शेवटच्या क्षणी सावरणारी ती कोर अजून होती का, हे पक्कं करायला पुष्कळ मेंदू काढून पाहावे लागणार होते. आणि मॅडम निवृत्त होणार होत्या. जिन्याखालची खोली परीक्षा विभागाच्या गठ्ठ्यांना द्यायचं ठरलं होतं.

उरली अंजली. तिला बंगळुरूला पीएच.डी.ला जागा मिळाली. ती बातमी घेऊन आली तेव्हा मॅडम लायब्ररीच्या पायरीवर चहा पीत होत्या.

"जाऊ का मॅडम?"

"जा."

"आणि इथलं?"

"इथलं काय? जा म्हणलं ना तुला."

दुसऱ्या दिवशी मी जवळ असताना त्या तिला म्हणाल्या, "तू गेल्यावर ह्यांना खाऊ कोण घालणार? हे लायब्ररी?" अंजली संध्याकाळी माझ्याकडे आली. डोळे सुजलेले. "सर, मॅडम मला जा म्हणून राहिल्यात का राहा म्हणून राहिल्यात?" मी पुस्तकांचे शिक्के मारत होतो. मला माहीत नाही, असं मी तिला सांगितलं. खरंच माहीत नव्हतं. अजून नाही.

ती गेली, पण माशा नेऊ शकली नाही. तिथल्या प्रयोगशाळेत बाहेरच्या माशा घेत नव्हते. त्यांच्याबरोबर बारीक किडे येतात आणि सगळ्या खोलीला लागतात. तिनं हे फोनवर सांगितलं तेव्हा मॅडमनी नुसतं "बरं" म्हटलं. पुढे बरेच दिवस त्यांनी तिचं नाव काढलं नाही. मी विचारलं तर म्हणायच्या, "मोठ्या ठिकाणी गेली, मोठं काम हाय तिला." ते अभिमानानं म्हणत होत्या की रागानं, हे मला आवाजावरून ओळखता आलं नाही.

निवृत्तीनंतर त्या लातूरला राहायला गेल्या. "मुरुड" माठाखालीच होतं. पुढे त्यांचं हृदय थकलं, पायावर सूज यायला लागली. जिने चढायला त्यांना मनाई होती. माशांना नव्या नळीत हलवणं मात्र चालू होतं. मी भेटायला गेलो की त्या खाटेवर बसून नळ्या उजेडात धरायच्या. पाहायला मोठा सूक्ष्मदर्शक नव्हता. मग काय पाहायच्या?

"जिवंत हायत का, एवढंच," त्या म्हणायच्या. "बाकी आतलं आता कोणीतरी बघंल."

ते कोणीतरी अखेर अंजलीच निघाली. बहिणीच्या लग्नाला ती इस्लापूरला आली होती. परत जाताना नांदेडहून निघणार होती. तिच्या गाइडनं परवानगी दिली होती. माशा आधी वेगळ्या खोलीत ठेवायच्या, किडे नाहीत असं दिसलं तर आत घ्यायच्या. मॅडमना हे मी फोनवर सांगितलं. 

"तुम्ही या," त्या म्हणाल्या. "कुरिअरनं न्हाई."

मी लातूरला गेलो. त्यांनी दोन स्टीलचे डबे तयार ठेवले होते, दिसायला अगदी सारखे. एकात धपाटे, एकात कापडात गुंडाळलेल्या नळ्या. मी मोजक्याच नळ्या पाहिल्या आणि माठाकडे बघितलं.

"सगळ्या देत न्हाई," त्या म्हणाल्या. "अर्ध्या माझ्याकडं. रस्त्याचा काय भरवसा."

त्यांनी हे पद्धत म्हणून केलं, की त्यांना सोडवत नव्हतं? की अंजलीचा अजून भरवसा नव्हता?  सुमनताई नको नको म्हणत असताना त्या मला रिक्षानं स्टँडवर सोडायला आल्या.

एसटीत मी डबा मांडीवर धरून, वरून ओला रुमाल घालून बसलो. अहमदपूरला शेजारी एक आजोबा बसले. डब्याकडे बघून म्हणाले, "काय हाय? लई जपून राहिलेत."

"माशा."

"माशी पडली? फेकून द्या की मग."

"नाही, माशाच आहेत."

ते लोह्यापर्यंत अंग चोरून बसले. नांदेडला स्टेशनवर अंजलीनं माझ्या हातून दोन्ही डबे घेतले. तिनं आधी चुकून धपाट्यांचाच उघडला. तिथंच, प्लॅटफॉर्मवर, तिला रडू आलं.

त्याच महिन्यात मॅडम गेल्या. झोपेत गेल्या, असं सुमनताई म्हणाल्या. तेराव्याला मी लातूरला गेलो तेव्हा माठाखाली वाळू कोरडी होती. मी काही विचारायच्या आत सुमनताई मला स्वयंपाकघरात घेऊन गेल्या. मांडणीवर काचेच्या नळ्या ओळीनं उभ्या होत्या. स्वच्छ धुतलेल्या. वेलदोडे, दालचिनी, मिरे.

"त्यांना घालायचं खाणं मला येत नव्हतं हो," त्या म्हणाल्या. "दोन दिवस नुसतं पाणी घातलं. मग सगळ्या खाली पडल्या. नळ्या फेकवल्या न्हाईत. वन्संचा हात लागलेल्या." आणि त्यांनी लवंगांची एक माझ्या हातात ठेवली.

म्हणजे वाण आता फक्त बंगळुरूला उरलं. अंजलीनं मागच्या आठवड्यात फोन केला. किडे नव्हते, माशा आत घेतल्या, वाढल्या. तिनं मेंदू काढून पाहिले.

"काय दिसलं?" मी विचारलं.

"सर, काही ठिकाणी कोर हाय. काही ठिकाणी न्हाई."

"म्हणजे तेच ना? मॅडमचं तेच होतं की, कधी सावरते, कधी नाही."

"तेच असंल. न्हाईतर जे होतं ते जाऊन आता हे उरलेलं, असं पण असंल. मॅडमचे जुने मेंदू शेजारी ठेवून बघायला पाहिजेत, पण ते आता कुठायत?" ती म्हणाली. "सर, तुम्ही पाहिलं होतं ना एकदा? कसं होतं?"

मी डोळे मिटले. काळोखातली कोर दिसली. शेजारी सांडलेलं हिरवं दिसलं. त्यांच्यात किती अंतर होतं, कुठली डावीकडे होती, कोर भरलेली होती की फाटकी, काही आठवेना. मी म्हणालो, "चंद्रकोरीसारखं होतं. पण तसंही नाही."  मग ती म्हणाली, "बघते सर मी. बघत राहते."

मला मॅडम शेवटच्या दिसल्या त्या लातूरच्या स्टँडवर. मला त्यांनी खिडकीपाशी बसवलं, डबा आडवा करू नका म्हणून दोनदा बजावलं. एसटी मागे घेतली गेली आणि फाटकाशी दुसऱ्या गाडीमागे अडकली. मी हात हलवायला खिडकीतून डोकं काढलं. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. जवळच्या फळांच्या गाड्यावर एका कोपऱ्यात जास्त पिकलेली केळी टाकलेली होती आणि त्यांच्यावर चिलटांचा एक लहानसा ढग फिरत होता. मॅडम सुजलेल्या पायांवर ओणव्या होऊन त्या ढगात बघत होत्या. चष्मा डोक्यावर. गाडेवाल्यानं फडकं उचललं.

"थांब, मारू नको," त्या म्हणाल्या.

"मावशी, घेणार हाव का नुस्तं बघणार?"

"बघणार," मॅडम म्हणाल्या.

पुढची गाडी हलली, आणि आमचीही.